मी, निःपक्षपाती साक्षीदार

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी धन्वंतरीची पूजा होते. धने-गुळाचा नैवेद्य दाखवून झाला की नातवंडांना समुद्रमंथनाची गोष्ट सांगावयाची, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गेल्या वर्षी गोष्ट रंगात आली असताना धाकट्या नातीने मध्येच विचारले, "आजोबा, कलशात अमृतच आहे हे देवांना कसं कळलं? आधी कुणाला पाजून बघितलं का?"

मोठी माणसे हसली. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही केल्या जाईना. अमृताचे काय झाले ते मला ठाऊक नाही. पण त्याआधी जे हलाहल वर आले, ते शंकराने स्वतः प्राशन केले. दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या दासाला बोलावून "बाबा रे, जरा चाखून बघ, तुला दोन वेळचे जेवण देऊ," असे तो म्हणाला नाही. देवाचा तो न्याय पुढे माणसांना पेलला नाही. माणसांनी विष कुणाला पाजावयाचे याची एक यादीच करून ठेवली, आणि त्या यादीत कैदी, वेडे, अनाथ, निरक्षर आणि गरीब यांखेरीज इतरांची नावे क्वचितच दिसतात.

वाचकहो, चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून रागावू नका. ज्या घरात औषधाची एकही बाटली नाही असे घर दाखवा, म्हणजे मी लेखणी खाली ठेवतो. मी स्वतः रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. ती माझ्या हाती येण्यापूर्वी कुणीतरी प्रथम घेतली असली पाहिजे. तो कोण होता, त्याला काय सांगितले होते, आणि नको म्हणावयाची त्याला मुभा होती की नाही, हे विचारणे मला माझे कर्तव्य वाटते. त्यातून या बाबतीत माझे हात स्वच्छ नाहीत. म्हणून दुसऱ्यांवर कोरडे ओढण्यापूर्वी स्वतःची हकीकत सांगतो.

२०११ सालची गोष्ट. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत. सारे घर त्यांना मावशी म्हणे. त्यांना साखरेचा आजार होता. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेण्याचे ठरले आणि "लिहिता-वाचता येणारं माणूस संगं आणा" असे सांगण्यात आले. मावशी माझ्याकडे आल्या. मी मोठ्या उत्साहाने गेलो.

माझ्या हातात सतरा पानांचा कागद पडला. होता मराठीतच, पण कसल्या मराठीत! 'यादृच्छिक वाटप', 'प्रतिकूल घटना', 'अनुपालन'. चाळीस वर्षे मराठी शिकवलेला मी, मला एकेक वाक्य दोनदा वाचावे लागले. इतक्यात तेथील तरुण सहायक म्हणाला, "काका, इथे सही करा. निःपक्षपाती साक्षीदार म्हणून." त्या शब्दाने मला थोडा मोठेपणाही वाटला. मी सतरा पानांचे सार पाच मिनिटांत सांगितले. "मावशी, डॉक्टर चांगले आहेत, औषध फुकट आहे, येण्याजाण्याचं भाडंसुद्धा देतात." मावशी म्हणाल्या, "तुमी म्हणता तर बरंच असंल, मास्तर." निळ्या शाईचा अंगठा उठला. त्याखाली मी वळणदार अक्षरात सही ठोकली.

तीन-चार वर्षे गेली. एकदा चहा पिताना मावशी सहज बोलून गेल्या की त्या गोळ्या चालू असताना त्यांना फार गरगरत असे. एकदा तर नळावर पडल्या होत्या. मी विचारले, "मग तेव्हाच सोडलं का नाही? डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार मास्तर? तुमची सही व्हती. मी सोडलं असतं तर तुमचं नाव खराब झालं असतं." जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "आन् तुमी रागावला असता तर कामाचं काय?"

त्या सतरा पानांत एक वाक्य होते, की सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही. ते वाक्य मी वाचून दाखवले नव्हते. आणि मी निःपक्षपाती तर नव्हतोच. मी त्यांचा मालक होतो.

मला या लेखात सांगावयाचे आहे ते एवढेच. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काही किंमत नाही. मग त्याखाली अंगठा असो, सही असो, की सरकारी शिक्का.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "मग औषधे निघावयाची कशी? उंदरावर सगळेच कळते काय?" नाही कळत. माणसावर चाचणी केल्यावाचून औषध सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. चाचण्या बंद करा असे म्हणणारा माणूस उद्या आपल्याच नातवंडांना बिनपारखलेले औषध पाजणार आहे. माझे भांडण चाचणीशी नाही. माझे भांडण आहे ते चाचणीला उभी करावयाची माणसे निवडण्याच्या आपल्या सवयीशी.

या बाबतीत आपल्या मुंबईत एक उदाहरण घडून गेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ तेथे आला आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या जागेत त्याने काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम कुणाला टोचली? स्वतःला. तीही पुढे इतरांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत. ताप आला, अंग दुखले, तो सोसला, आणि मग तो लोकांपुढे गेला. लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. सुमारे निम्म्यांनी ती घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. आणि न घेणाऱ्यांत रोग अधिक पसरला. तुरुंगातल्या माणसाची 'स्वेच्छा' कितपत खरी, हा प्रश्न मी हाफकिनलाही विचारीन. पण तो विचारताना हात जोडून विचारीन, कारण सुई आधी त्याच्या दंडात गेली होती. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेग हटवण्याच्या नावाखाली सोजिरांनी घरात घुसून जी सक्ती केली, तिचा शेवट रँडच्या खुनात झाला. हेतू रोग घालवण्याचाच होता. पण लोकांच्या मनाची पर्वा न करता केलेल्या उपकाराला लोक उपकार मानीत नाहीत.

"नियम केले की झाले," असे म्हणणारे दुसरे एक गृहस्थ असतात. त्यांना मी जर्मनीत घेऊन जातो. माणसांवरील प्रयोगांविषयी जर्मन सरकारने १९३१ साली सविस्तर नियम केले होते. संमती घ्यावी, दुर्बलांच्या हलाखीचा फायदा उठवू नये, हे सारे त्यांत लिहिलेले होते. आणि त्याच देशात दहा-बारा वर्षांच्या आत छळछावण्यांतील कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ते किती वेळात मरतात हे घड्याळ लावून मोजले गेले. न्यूरेंबर्गला २३ जणांवर खटला चालला. त्यांपैकी २० डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला, १६ दोषी ठरले, ७ जण फाशी गेले. त्या निकालातच दहा कलमांची न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचे पहिले कलम सांगते की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. पाचवे कलम सांगते की जेथे मृत्यूची शक्यता दिसते तेथे प्रयोग करूच नये. अपवाद झालाच तर जेथे प्रयोग करणारे डॉक्टर स्वतःही प्रयोगाला बसतात तेथेच कदाचित. हाफकिनने पन्नास वर्षांपूर्वी जे कुणी न सांगता केले, ते जगाला आता कलम घालून सांगावे लागले.

"ते नाझी राक्षस होते हो, सभ्य माणसे असे करीत नाहीत!" सभ्य माणसांचीही वही उघडू या. न्यूरेंबर्गला अमेरिकन न्यायाधीश हा निकाल देत होते, त्याच काळात, १९४६ ते १९४८ या वर्षांत, अमेरिकन सरकारचे डॉक्टर ग्वाटेमालात कैद्यांना, सैनिकांना आणि वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांना जाणूनबुजून गुप्तरोगांची लागण करीत होते. अमेरिकेने त्याबद्दल क्षमा मागितली ती २०१० साली. खुद्द अमेरिकेत, अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे, १९३२ पासून सुमारे ६०० काळ्या शेतमजुरांवर पाळत ठेवली गेली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे 'रक्त बिघडले आहे' एवढेच त्यांना सांगितले. फुकट तपासणी, गरम जेवण आणि मेल्यावर पुरण्याचा खर्च, एवढ्यावर ही माणसे मिळाली. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा सर्वमान्य उपचार ठरला. तो त्यांना दिला नाही. कारण उपचार केला तर रोग शेवटपर्यंत कसा वाढतो ते कसे कळणार? त्यांच्या बायकांना लागण झाली, काही मुले रोग घेऊनच जन्माला आली. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबले. चाळीस वर्षे! यात कुणी राक्षस नव्हता. चष्मे लावलेली, पगार घेणारी, घरी जाऊन मुलांशी खेळणारी माणसे होती.

ब्रुकलिनच्या एका ज्यू रुग्णालयात १९६३ साली घडलेली गोष्ट मला फार बोलकी वाटते. चेस्टर साउदम या नामांकित संशोधकाने तेथील २२ वृद्ध, जर्जर रुग्णांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्याचे ठरवले. कर्करोग हा शब्द रुग्णांपाशी उच्चारावयाचा नव्हता. शरीराची प्रतिकारशक्ती पाहतो, एवढेच सांगावयाचे. तेथील तीन तरुण ज्यू डॉक्टरांनी हे करावयास साफ नकार दिला आणि पुढे राजीनामे दिले. साउदमला पुढे विचारण्यात आले की हे इतके निरुपद्रवी आहे तर आपण स्वतःला का टोचून घेतले नाही? कर्करोगाचे जाणकार संशोधक मोजकेच आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. म्हणजे म्हातारे पुष्कळ आहेत, संशोधक थोडे! या उत्तरात सगळा व्यवहार उघडा पडला आहे. शिक्षा काय झाली? काही काळ ताकीद. थोड्याच वर्षांत तो अमेरिकन कर्करोग संशोधकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्या तीन तरुणांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

आता आपल्या देशात या. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात (तो आज तेलंगणात आहे) आणि गुजरातेत वडोदऱ्याजवळ १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यातल्या कितीतरी आदिवासी मुली, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाल्याची ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबले. येथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सरकारी चौकशीत आढळला नाही, आणि ती लस स्त्रियांचे प्राण वाचवणारी आहे हे जगभर सिद्ध झाले आहे. माझ्या नातीला ती द्यावी असेच मी सांगेन. पण त्याच चौकशीत संमतीचे कागद बाहेर आले. आंध्रातल्या ९,५४३ कागदांपैकी १,९४८ कागदांवर नुसते अंगठे होते, आणि २,७६३ कागदांवर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकांची! आईबाप जिवंत आहेत, गावात आहेत, मुलगी त्यांची, आणि सही कुणाची, तर तिच्या जेवणाची थाळी ज्याच्या हातात त्याची. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. पण मी शिक्षकाच्या पेशातला माणूस. त्या अधीक्षकांना दगड मारण्यासाठी माझा हात उठत नाही. त्यांनी २,७६३ वेळा केले ते मी एकदा केले आहे.

हा एखाद्याच जिल्ह्याचा प्रश्नही नव्हे. सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारनेच सांगितले की २००५ ते २०१२ च्या मध्यापर्यंत ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे दगावली. त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे धरले गेले. बाकीचे आपापल्या आजाराने गेले असतील. आजारी माणसे मरतातच. पण ही वर्गवारी करणारे कोण होते, हे विचारावयास मेलेला माणूस येत नाही.

न्यायालयाने कान पिळल्यावर नियम कडक झाले. २०१३ पासून नुकसानभरपाईचे नियम आले. २०१९ मध्ये नवी नियमावली आली. नीतिसमितीत किमान सात सभासद, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारा, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. काही चाचण्यांत दुर्बल व्यक्तींच्या संमतीचे चित्रमुद्रण. सारे चांगले आहे. मी त्याला नावे ठेवीत नाही. पण २०११ साली माझ्या मावशींसमोर कॅमेरा ठेवला असता तर त्यात काय उमटले असते? एक बाई "बरंच असंल" म्हणताना दिसली असती. तिच्या पोटातली नोकरी जाण्याची भीती कोणत्या भिंगातून दिसते?

आणि त्याच २०१९ च्या नियमांत एक गंमत आहे. भारतातच शोधलेल्या आणि येथेच बनवून विकावयाच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी अर्ज केला आणि कामाच्या ३० दिवसांत सरकारकडून उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावयाचे! 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण आजवर लाजऱ्या नवऱ्या मुलीला लावीत होतो, आणि तिच्यावर अन्याय करीत होतो. आता ते सरकारी कचेरीला लावले. वर साहेबाचे मौन आणि खाली मावशींचे मौन. या दोन मौनांच्या मधून गोळी पोटात जावयाची.

"फार नियम केलेत तर संशोधन परदेशी जाईल," असे बजावणारे पुष्कळ आहेत. २०१३ नंतर काही काळ चाचण्या कमी झाल्या हेही खरे. पण ज्या धंद्याचा जम केवळ आमचा गरीब गप्प बसतो म्हणून बसतो, तो धंदा गेला तर जाऊ द्या. आणि "गरिबाला फुकट औषध तरी मिळते ना?" असे म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुमच्या मुलाला अशा चाचणीत घालाल काय? घालीन म्हणालात तर नमस्कार. "आमच्याकडे विमा आहे" म्हणालात तर तेच माझे म्हणणे आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याच्यापुढे ठेवलेली भेट ही भेट नसते.

मग करावयाचे काय? साधे आहे. साक्षीदार मालक नसावा, रुग्णालयाचा नसावा. रुग्णाने स्वतः निवडलेला असावा. कागद एक रात्र तरी घरी न्यावयास द्यावा, म्हणजे चुलीपाशी त्याची चर्चा होईल. सही करण्यापूर्वी रुग्णाने सारे आपल्या शब्दांत उलट सांगावे. "काय होऊ शकतं आणि कधी सोडता येतं," एवढे त्याला सांगता आले नाही तर चूक समजावणाऱ्याची. नीतिसमितीतील सामान्य नागरिकाची जागा माझ्यासारख्या पेन्शनरला देऊन भागवू नये. ज्या वस्तीतून माणसे उचलता, तेथल्याच एखाद्या बाईला ती द्यावी. चाचणी यशस्वी झाली तर ज्यांच्या अंगावर ती झाली त्यांना ते औषध परवडेल अशी सोय आधी लिहून द्यावी. आणि वाचकहो, तुम्हांला कुणी साक्षीला बोलावले तर जरूर जा; पण तुमच्यापुढे ज्याची मान खाली जाते त्याचे साक्षीदार होऊ नका.

यंदा नवरात्रात मी मावशींच्या घरी गेलो. आता त्या काम करीत नाहीत, लेकाकडे असतात. त्यांना मिळालेली त्या कागदाची प्रत ट्रंकेत तळाशी होती. वाचता येत नसल्याने तिला कधी कुणी हात लावला नव्हता. मी नववे पान काढले आणि ते एक वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग सतरा पानांच्या मराठीतून साध्या मराठीत आणून पुन्हा सांगितले.

मावशी शांतपणे ऐकत होत्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या म्हणाल्या, "हे तवा सांगितलं असतं, मास्तर, तर म्या दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं."